आवाज येत नाही

आम्ही दारावरच्या बेली विकतो. म्हणजे विकते बायको. खातं तिच्या नावावर, रेटिंग तिच्या नावावर, लोकांच्या शिव्याही तिच्याच नावाने येतात. मी खोकी बांधतो, चिकटपट्टी दाताने तोडतो आणि परत आलेला माल तपासतो. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याला माणूस थोडा संशयी आणि पुष्कळ चहाटळ लागतो, असं बायकोचं मत आहे. मी ते कौतुक समजतो.

बेल अगदी साधी. बटण दाराबाहेर चिकटवायचं, डबी घरातल्या सॉकेटमध्ये खोचायची, मध्ये वायर नाही. बटण दाबलं की डबीवरचा निळा दिवा लुकलुकतो आणि सूर वाजतो. डबीच्या कडेला एक खटका आहे, तो दाबत गेलं की सूर बदलत जातात. पियानो आहे, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे टोल आहेत, कुत्रा आहे, बोटीचा भोंगा आहे. कारखान्यातून मात्र सगळ्या बेली पक्ष्याच्या किलबिलाटावर लावून येतात. तो पक्षी कुठला ते देव जाणे, पण पिंजऱ्यात बोट अडकल्यासारखा किंचाळतो.

इतकी सोपी वस्तू लोक परत का करतात, हा एक स्वतंत्र विनोद आहे. एकाने कारण दिलं, 'मापात बसत नाही.' बेल. एका बाईने लिहिलं, 'बेल उत्तम आहे, पण पाहुणे फार येऊ लागले.' एका महाभागाने खोक्यात बेलीच्या वजनाचा अंघोळीचा साबण घालून पाठवला, तोही वापरलेला. म्हणून बायकोने नियम केला, परत आलेलं खोकं कॅमेऱ्यासमोर फोडायचं. ती मोबाइल धरून उभी राहते, मी कात्री चालवतो, मग बेल लावून वाजवून दाखवतो. खरीच बिघडलेली असेल तर मुकाट्याने नवी पाठवायची. धडधाकट असेल तर तो व्हिडिओ पाठवून द्यायचा, की साइटवाले गिऱ्हाइकाचा अर्ज फेटाळतात आणि त्याच्या नावापुढे एक काळा ठिपका पडतो.

त्या दिवशी परत आलेली बेल एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. आमच्याच गावच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या. पहिली बेल त्यांनी परत केली तेव्हा आम्ही खळखळ न करता बदलून दिली होती. आता बदललेलीही परत आली होती, आणि साइटच्या नियमाने तिच्या बदल्यात तिसरी आधीच त्यांच्या दारी पोचली होती. कारण तेच, 'सदोष'. खाली शेरा होता: 'आवाज येत नाही. गिऱ्हाईक बटण दाबून निघून जातं. हातातलं काम चाललंय हो.'

मी डबी सॉकेटमध्ये खोचली, बटण दाबलं. पक्षी असा किंचाळला की बायकोच्या हातातला मोबाइल हलला.

"वाजतेय," ती म्हणाली. "पहिलीही वाजत होती. ही बाई आपल्याला मूर्ख बनवतेय."

"आपल्याला मूर्ख बनवायचा हक्क या घरात फक्त माझा आहे."

"अहो, थट्टा पुरे. आणखी एक 'सदोष' पडलं की आपली बेल मागच्या पानावर जाईल. मागच्या पानावर कुत्रं फिरकत नाही. मी व्हिडिओ पाठवते."

मला तो शेरा खटकत होता. खोटं बोलणारी माणसं मी चांगली ओळखतो, स्वजातीय म्हणून. खोटारडा माणूस 'हो' घालत नाही. 'काम चाललंय हो' असं तो लिहीत नाही. तो लिहितो, 'अत्यंत निकृष्ट दर्जा'. मी बायकोकडून एक दिवस मागून घेतला आणि परतीच्या लेबलवरच्या नंबरला फोन लावला.

"बेलवाला बोलतोय. तुमच्या तक्रारीबद्दल."

"आवाज येत नाही."

"माझा की बेलचा?"

"हो, हो."

"कुणाचा?"

"तेच तर म्हणतेय, आवाज येत नाही."

मी खिडकीशी गेलो, गच्चीवर गेलो, शेवटी रस्त्यावर जाऊन ओरडलो. समोरचा पानवाला दुकान सोडून बघायला आला. नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत मी फोन ठेवला आणि ठरवलं, की आता प्रत्यक्षच जायचं.

प्रत्यक्ष जायचं, पण साधं कसं जायचं. आमचा कुरिअरवाला एकदा टोपी विसरून गेला होता. ती घातली, नवी बेल खोक्यात भरली आणि बस पकडली. मालकाला लोक खरं सांगत नाहीत. कुरिअरवाल्याला काहीही सांगतात, कारण तो जाणारच असतो.

घर तळमजल्यावरचं, दार थेट गल्लीत उघडणारं. बाहेर एक बाक, रिकामा. दारावर पाटी: 'शिवणकाम. अल्टर करून मिळेल. चेन बदलून मिळेल.' खाली आमचं बटण नीट मध्यभागी चिकटवलेलं, आणि शेजारी शिवणाच्या खडूने बाण काढून लिहिलेलं, 'इथे दाबा'. मी दाबलं.

आत पक्षी किंचाळला. मी दाराबाहेर उभा, तरी माझ्या कानाला टोचला. आतलं शिलाई मशीन मात्र चालूच राहिलं. तेही तेल नसल्यासारखं कुरकुर कुरकुर करत होतं. मग मशीन थांबलं. म्हटलं, आता येतील. कुणी आलं नाही. खिडकीला जाळी होती, तिच्यातून डोकावलो.

माझ्याच वयाच्या बाई. चष्मा कपाळावर, गळ्यात टेप. दातात टाचणी धरून एका कोटाची खांद्याची शिवण उजेडात बघत होत्या. खोली शांत. मी हात लांब करून पुन्हा बटण दाबलं. पक्ष्याने घर डोक्यावर घेतलं. बाईंनी टाचणी काढली, शिवणीत खोचली, कोट उलटा केला. पापणीसुद्धा हलली नाही.

आता मी लोकांच्या बेली दाबून पळण्यात नाव कमावलेला माणूस. अजूनही जिन्यात एखादी चांगली बेल दिसली की बोट शिवशिवतं. बेल दाबून जागेवर थांबायची वेळ तशी कमीच येते. आणि थांबलो तर समोर हे.  फोनवर नेटवर्क गेलं नव्हतं.

दारावर मूठ आपटली तशा त्या लगेच आल्या.

"बेल बदलायला आलात? दाबून बघितलीत का ही?"

"दाबली."

"मग? आला आवाज?"

बोलताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या तोंडाकडे लोक बघतातच, आता काय चावटपणा बाहेर पडतोय म्हणून. हे बघणं वेगळं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच बटण दाबलं. आत किलबिलाट झाला. समोरच्या भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं.

"बघा," बाई म्हणाल्या. "आवाज येत नाही."

मी म्हणालो, "खरंय. नाही येत."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला स्वतःची लाज वाटावी. "चला, कुणीतरी कबूल केलं. तुमची ती मालकीण लिहिते, माल तपासला, उत्तम आहे. कशी आहे हो ती?"

"ती जरा तशीच आहे."

त्या हसल्या. मग दाराला टेकून सांगू लागल्या. या बाकावर बसायला जागा नसायची. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, ते दुसरीकडे गेलं. समोरच्या इमारतीतल्या बायका गेल्या. "मी म्हटलं, माझी शिवण बिघडली का, ते तरी सांगा. तर म्हणतात, आलो होतो, तुम्ही दार उघडलं नाही. मी दिवसभर घरात. कुठे जाणार? म्हणून तर बेल घेतली. भाऊ, हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही. आणि या वयात कुणाच्या हाताखाली बसणार?"

मी नवी बेल खोक्यातून काढलीच नाही. "याच्यापेक्षा चांगली आणतो उद्या," असं म्हणून निघालो.

घरी बायको व्हिडिओ पाठवायच्या तयारीत. मी सगळं सांगितलं. तिने मोबाइल खाली ठेवला.

"आणि तुम्ही तिला सांगितलंत, बेल वाजत नाही म्हणून?"

"मी म्हटलं, आवाज येत नाही. तिला नाहीच येत. यात खोटं काय?"

"अहो, वकिली करू नका."

"ऐक तरी. तिला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, जाड येतात. माझी मूठ ऐकू आली, माझं बोलणं समजलं. उद्या जातो, बेल घड्याळाच्या टोलांवर लावतो आणि सांगतो, जुनी खराब होती, ही नवी चांगली आहे. तिचं गिऱ्हाईक परत येईल. आपलं 'सदोष' जाईल. कुणाचं काही बिघडत नाही."

मला वाटलं, ही खूश होईल. ती बराच वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत बसली.

"बाबांचं असंच झालं होतं," ती म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझे सासरे, मला जावई म्हणून पसंत न करणारे एकमेव शहाणे गृहस्थ. "आम्ही सगळी त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागलो. का ते कुणी सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांना काय वाटत होतं माहितीये? म्हातारा झालो म्हणून पोरं माझ्यावर ओरडतात. तेच मनात घेऊन गेले ते."

मी कात्री उचलली आणि परत ठेवली.

"घड्याळाचा टोल लावाल. मागून गाडी हॉर्न देत येईल, तिथे सूर बदलायला कोण जाणार? कुकरची शिट्टी तुम्ही बदलणार?" आणि मग तिने नेमकं माझ्या वर्मावर बोट ठेवलं. "तुमचाच नियम आहे ना, ज्याची खोडी काढली त्याला शेवटी सांगायचं? नाहीतर ती खोडी नाही, फसवणूक, म्हणून मला लग्नापासून ऐकवताय."

खरा आहे तो नियम. माझ्याकडे असलेला एकुलता एक. पण खोडी सांगताना समोरचा हसतो, तुम्ही हसता, चार शिव्या खाता आणि मोकळे होता. हे सांगून कोण हसणार होतं? बसमध्ये दुसऱ्या दिवशी मी वाक्यं जुळवत होतो. 'बाई, बेल चांगली आहे.' पुढचं वाक्य येईना. मी, ज्याला स्मशानातही कोटी सुचते.

शेवटी सांगायचं नाहीच, असं ठरवलं. दाखवायचं.

टोपी घालूनच गेलो. दार ठोकलं. आत डबी दाराजवळच्या सॉकेटमध्ये होती, पण तिच्यावर शिवून झालेले कपडे टांगलेले, त्यामुळे तिचा दिवा कधी दिसायचाच नाही. डबी तिथून काढली आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ, त्यांच्या नजरेसमोर लावली. दारावरचं बटण सोडवून हातात घेतलं.

"हिच्यात पुष्कळ सूर आहेत, ताई. तुम्ही निवडा. मी दाबत जातो. आवडला तर हात वर करा."

भोंग्याला हात लगेच वर गेला, पण नापसंतीचा. "मला काय बंदरात राहायचंय?"

कुत्रा. "नको बाई. माझ्याकडे मापं द्यायला बायका येतात, दारातूनच पळतील."

घड्याळाचे टोल. "हां, हे घरंदाज आहे."

पियानो. त्यांनी मान तिरकी केली. "हे मध्येच तुटतंय."

तुटत नव्हतं. वरचे सूर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. माझं बोट तिथेच थांबलं असतं. थांबवलं नाही. खटका दाबला, पक्ष्यावर आणलं आणि बटण दाबलं.

त्या वाट बघत राहिल्या. माझ्या बोटाकडे बघितलं. "दाबा की."

"दाबलंय."

"दिवा लागतोय," त्या म्हणाल्या.  टेबलाला वळसा घालून आल्या आणि तळहात डबीवर ठेवला. ज्या बोटांना कापडाचा उभा-आडवा धागा डोळे मिटून कळतो, ती बोटं. मी पुन्हा दाबलं.

"थरथरतंय."

 पुन्हा दाबलं.

"आत्ता वाजतंय?"

"हो."

"तुम्हाला येतोय आवाज?"

"येतोय."

"केवढा?"

"कान किटतील एवढा."

त्यांनी हात काढला नाही. पक्षी किंचाळून थांबला तरी हात तिथेच. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि तो बोटांभोवती गुंडाळत राहिल्या, गुंडाळून झाला की सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

"कालही वाजत होती."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, येत नाही."

"तुम्हाला येत नव्हता. मी तेवढंच म्हटलं."

"बोलण्याला इस्त्री छान करता हो. आतून सगळं उसवलेलं, आणि वरून कडक." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप एक पाऊल मागे गेलो. "आणि ती टोपी काढा. कुरिअरवाले नाही तुम्ही."

"कशावरून?"

"कुरिअरवाला सांगितल्या दिवशी येतो का कधी?"

मी टोपी काढली. म्हणालो, बेलवाला मीच, ती तशीच असलेली मालकीण माझी बायको, आणि आज खरं ते कळू द्यायचं, हा तिचाच हट्ट. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या ओठांवर नजर ठेवून. हसल्या नाहीत. मला वाटलं, आता रडतील. रडणारी माणसं मला झेपत नाहीत, मी लगेच नकला करायला लागतो. पण बाई सरळ मशीनकडे गेल्या, बसल्या आणि पाय चालवला.

"कुरकुरतंय का हे?"

"अं?"

"मशीन. तेल संपलं की हे कुरकुरतं. खूप दिवसांत कुरकुरलं नाही. मला वाटलं, आता यंत्र जमलं." त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "कुरकुरतंय?"

"कालपासून तरी ऐकतोय. पार गल्लीपर्यंत."

त्यांनी खण उघडला, तेलाची कुपी काढली आणि एकेका भोकात थेंब सोडू लागल्या. घाई नाही. एक भोक, एक थेंब, चाक थोडं फिरवायचं, पुढचं भोक. फडक्याने पुसून घेतलं. मी उभा होतो. या वेळी बोलू नये एवढी अक्कल मला कशी आली, हे मलाच माहीत नाही.

"मला वाटत होतं, लोक हल्ली पुटपुटतात," त्या खाली बघतच म्हणाल्या. "माझी भाची फोनवर बोलते, तर मी तिला म्हणते, तोंडात काय धरलंयस? ती हल्ली फोनच करत नाही." मग उठल्या. "टोलांवर लावा ती. बाहेर जा आणि दाबा. मी मशीन चालवते. बघू."

टोल लावून मी बाहेर आलो, बटण परत दारावर चिकटवलं. आतून मशीन सुरू झालं, आता गुळगुळीत. बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात गल्लीतून एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून जाड कोटाची बाही लोंबत होती. दाराशी थबकल्या, मला खालून वर न्याहाळलं.

"उघडत नाही ती," त्या मला म्हणाल्या. "मी दोनदा येऊन गेले. आत असते, मशीन चालू असतं, आणि उघडत नाही. चढलीय हल्ली. आज पलीकडच्या गल्लीत चालले होते, म्हटलं, जाता जाता बघू."

"तुम्ही दाबा, आजी. एकदाच."

"काय उपयोग?"

"माझ्यासाठी."

त्यांनी दाबलं. आत टोल पडला. मशीन चालूच. दुसरा टोल पडला. मशीन चालूच. आजींनी मला 'बघितलंत?' असं तोंड केलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी त्यांची बाहीच धरली. परक्या बाईची बाही धरण्याचं माझं वय नाही, पण धरली. "पुन्हा," मी म्हणालो. त्यांनी माझ्या भीतीनेच पुन्हा दाबलं.

मशीन थांबलं.

पावलं आली. दार उघडलं. शिवणवाल्या बाई आधी माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांना आजी दिसल्या. दोघींच्या मध्ये तो रिकामा बाक. मला राहवलं नाही. तयार खोटं माझ्या जिभेवर नेहमीच असतं, आणि हे तर चांगल्यापैकी, कुणालाच न टोचणारं होतं. मी सुरू केलं, "त्याचं काय झालं, आजी, बेल बिघडलेली होती—"

"बेल चांगली होती," बाई म्हणाल्या. "माझे कान गेलेत, मावशी. थोडेसे. मलाही आत्ताच कळलं. बेल दोनदा दाबत जा, आणि बोलताना माझ्याकडे तोंड करा."

आजींचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू लाल होत गेला. पिशवी छातीशी धरून त्या खाली बघत काहीतरी पुटपुटल्या. मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. त्या म्हणाल्या होत्या, "आणि मी सगळ्यांना सांगत सुटले."

"काय म्हणालात?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही गं. चेन बदलायचीय कोटाची."

"हे कळलं. त्याआधीचं."

"जाऊ दे ना."

"मावशी, मोठ्याने."

आजींनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. मग त्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर केली, तोंड सरळ समोर धरलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगत सुटले, की तू चढलीस."

समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली.

शिवणवाल्या बाईंनी आजींच्या हातातून पिशवी घेतली, कोट बाहेर काढला आणि चेन कुठे उसवलीय ते उजेडात धरून बघितलं.

"मग आता हेही जाऊन सांगा," त्या म्हणाल्या, "पण आधी बसा."